डॉक्टर म्हणाले, रडायचं नाही

...नाही नाही, पैशाचं मी बोलतच नाही. पैसा काय, हाताचा मळ, असं ज्याच्या हाताला मळ बसतो तो म्हणतो, आमचे हात कायमचेच धुतलेले, ते जाऊ दे. मी बोलतोय वाळूबद्दल. तुम्हाला सांगतो, आमच्या आईच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, मोतीबिंदूचं, इथंच पनवेलात, दिनानाथ डॉक्टरांच्या खाजगी दवाखान्यात, आणि त्यांच्या बिलात ऑपरेशन झालं, खाट झाली, औषध झालं, नर्सबाई झाल्या, आणि त्याखाली लिहिलं होतं, 'वाळूच्या पिशव्या, भाडे'. वाळूचं भाडं! आता डोळा कापल्यावर माणसानं डोकं तसूभर हलवायचं नाही, म्हणून दोन्ही कानांशी वाळूच्या पिशव्या लावून उताणं निजवतात, ते मला मान्य आहे, शास्त्र आहे ते. पण वाळू? अहो, आमच्या आईचं माहेर उरणजवळचं करंजा. तिथं वाळू दारात, वाळू अंथरुणात, वाळू भातात. जी बाई जन्मभर फुकटची वाळू झाडत आली, तिच्या कानाशी दोन पिशव्या वाळू ठेवली तर तिचं भाडं? पण नाही, पैशाचं मी बोलतच नाही.

तर आमची आई, भीमाबाई. वडील गेल्यापासून पनवेलच्या बाजारात सुकी मासळी घेऊन बसायची. सुकट, बोंबील, वाकट्या. मी भाताच्या गिरणीत कारकून, कमळाकर, म्हणजे घरात वासही दोन आणि धूळही दोन प्रकारची. तिला दिसत नाही हे आम्हाला किती दिवस कळलंच नाही. कळणार कसं? जुनी नाणी तिच्या बोटांना पाठ होती. आणा नागमोडी कडेचा, दोन आण्यांची चवली चौकोनी, बोट फिरवलं की हिशोब झाला. मग सरकारनं नवे पैसे काढले आणि आमची आई उघडी पडली. कारण नवे पाच पैसेसुद्धा चौकोनी निघाले. आई चवली समजून घेतेय आणि वर मोड देतेय, आणि गिऱ्हाइकं काय, भलीच असतात, तिच्याकडेच गर्दी करायला लागली. मी म्हणतोय, वा, आईचा धंदा काय चाललाय. संध्याकाळी टोपली रिकामी आणि बटवाही रिकामा, तेव्हा आमच्या हिनं, शकूनं, माझ्या कानाशी लागून सांगितलं, "अहो, सासूबाईंना दिसत नाही. परवा मला करंज्याची हौसा समजून माझीच चुगली मला सांगत होत्या."

मी करंज्याला निरोप धाडला. काशिराम मामा आला. मामा म्हणजे आईचा पाठचा भाऊ, करंज्याला स्वतःची होडी, अंगानं नुसता वल्हं, बोलायला लागला की खाडीपलीकडे ऐकू जावं. त्यानं आईला ओट्यावर आणून उभी केली आणि म्हणाला, "बाय, समोर कर्नाल्याचा अंगठा दिसतो का गो?" आता कर्नाळ्याचा तो सुळका इथल्या तान्ह्या पोरालाही दाखवावा लागत नाही. आई म्हणाली, "दिसतो की, न दिसाला काय झाला?" आणि तोंड होतं खाडीकडे. मामानं तिचे खांदे धरून तिला हळूच वळवली.

एक डोळा तिचा आधीच गेला होता बरं का. तो गेला सव्वा रुपयात. काही वर्षांपूर्वी एक सुईवाला आला होता गावोगाव फिरत, डोळ्यात सुई घालून मोतीबिंदू खाली ढकलतो म्हणे. ढकलला. आईनं त्याला बोटं मोजून दाखवली, लोकांनी टाळ्या दिल्या, तो सव्वा रुपया आणि कोंबडी घेऊन दुसऱ्या गावाला गेला, आणि आठवड्यात डोळा पिकून फुटला. म्हणून जेव्हा मी म्हटलं, मुंबईला सरकारी इस्पितळात फुकट होतं, आपण नंबर लावू, तेव्हा मामा माझ्यावरच उसळला. "स्वस्ताईत एक डोला गेला. ह्यो आता म्हागाचाच घ्यायचा." म्हणजे बघा, माणसं महागाला भितात, आमचा मामा स्वस्ताला भ्यायला. आणि त्याचं काय चुकलं? मला अजून सांगता येत नाही.

दिनानाथ डॉक्टर म्हणजे मोठा हुशार माणूस, हात सोन्याचा, त्यात काही वाद नाही, सोन्याचा आहे म्हणूनच तो परवडत नाही. पहिल्यांदा गेलो तर बॅटरी मारून म्हणाले, "अजून पिकला नाही. पिकू द्या." पाच रुपये. दोन महिन्यांनी गेलो, "अजून थोडा कच्चा आहे." पाच रुपये. मी म्हटलं, हा मोतीबिंदू आहे का हापूसची अढी आहे? शेवटी एकदाचा पिकला, आणि त्यांनी आकडा सांगितला. आकडा मी तुम्हाला सांगत नाही. कंपाउंडरनं मला बसायला स्टूल दिलं, एवढंच सांगतो. वर डॉक्टर म्हणतात, "एकच डोळा शिल्लक आहे आजीबाईंचा. घाई नाही. विचार करून सांगा." एकच डोळा शिल्लक असलेल्या माणसानं कशाचा विचार करायचा, तुम्हीच सांगा.

मामानं विचार केला नाही. मामानं होडी विकली.

हे असं सरळ सांगितलं म्हणजे काहीच वाटत नाही, नाही का? पण कोळ्यानं होडी विकणं म्हणजे काय ते कोळ्यालाच विचारा. नारळीपुनवेला त्या होडीची पूजा त्याच्या बायकोच्या आधी व्हायची. बायको गेली तेव्हा तो आठ दिवस होडीतच झोपला होता. आईला कळलं तेव्हा तिनं घर डोक्यावर घेतलं. "आन तू काय खाशील रं, वालू?" मामा हसत होता. "भगवान तांडेलानं घेतली होडी. त्योच मला खलाशी ठेवतोय. होडी तीच, दर्या त्योच. फकस्त मी बसाची जागा बदलनार." आई म्हणाली, "या वयात दुसऱ्याचा जाला ओढनार?" मामा म्हणाला, "तुला दिसाय लागलं म्हंजे तू बगशील ना, बरा ओढतो का नाय."

झालं ऑपरेशन. डोळ्यातलं ते खराब झालेलं भिंग डॉक्टरांनी काढून घेतलं, बरं का, काढून घेतलं आणि नाकावर बाहेरून जाड भिंगाचा चष्मा लावायचा, तोही दीड महिन्यानं, आणि तोही वेगळ्या पैशानं. आता मला सांगा, दारावर बोहारीण येते, ती फाटकं लुगडं घेते तरी बदल्यात वाटी देते. इथं आईचं जन्मजात भिंग काढून घेतलं, देवानं दिलेलं, आणि काढून घेतल्याचे पैसे वर आम्हीच दिले. हा कुठला व्यापार? पण नाही, पैशाचं मी बोलतच नाही. मामाला वाळूच्या भाड्याचं सांगितलं तर दुसऱ्या दिवशी हा गडी उरणच्या एस.टी.तून गोणीभर ओली वाळू घेऊन दवाखान्यात हजर. "तुमची वालू काडा, आमची लावा, भाडा बंद करा." नर्सबाई त्या गोणीकडे बघतायत, गोणीतनं खेकडा बाहेर येतोय. डॉक्टर म्हणाले, "काशिराम, ही वाळू निर्जंतुक नाही." मामा म्हणाला, "आमी रोज हिच्यावर जेवतो."

आणि मग डॉक्टरांनी तो नियम सांगितला. आईच्या दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या, उताणी पडलेली, कानांशी भाड्याची वाळू, आणि डॉक्टर बोट वर करून आम्हा सगळ्यांना सांगतायत, "खोकायचं नाही. वाकायचं नाही. चुलीपाशी जायचं नाही. आणि रडायचं नाही. दीड महिना. एक हुंदका आला, डोळ्यावर जोर पडला, की जखम उघडेल आणि डोळ्यातलं सगळं बाहेर येईल. मग माझ्याकडे यायचं नाही." मामानं लगेच कान पकडले, जणू तोच रडणार होता.

आता तुम्ही म्हणाल, त्यात काय, न रडता राहावं माणसानं. राहील, बामणाच्या घरी राहील. आमच्यात रीत आहे. आजारी माणसाला बघायला गेलं की आधी गळ्यात पडून रडायचं, मग काय झालंय ते विचारायचं. न रडता विचारलं तर म्हणतात, बघा, चौकशीला आली होती, माया नाही. आणि त्यात आमची आई कोण? अख्ख्या करंज्यात तिच्यासारखं रडणारं माणूस नाही. मयताला गेली की डोक्याशी बसायची, डोळ्याला पदर लावायची आणि हेल काढायची, आणि त्या हेलात मेलेल्या माणसाचा सगळा जन्म यायचा. कुणाचं तुटलेलं जाळं त्यानं विणून दिलं, कोणत्या वादळात कुणाला ओढून आणलं, बायकोला कोणत्या रंगाचं लुगडं घेतलं होतं. जिवंतपणी ज्याला कुणी विचारलं नाही त्याचीसुद्धा आई रडली की किंमत व्हायची. लोक म्हणायचे, भीमा रडल्याबिगर मयत हलत नाय.

अशा बाईला बघायला करंज्याच्या बायका आल्या. एक टेम्पो नव्हता, नाहीतर तोही भरून आल्या असत्या. पुढं हौसा, मागं चंद्रावती, त्यांच्या मागं आणखी सगळी आळी, पदर तयार, गळे तयार, आणि दवाखान्याच्या दारात आमचा मामा आडवा. "थांबा. आदी हसून दाखवा." हौसा म्हणाली, "मेल्या, मानूस आंधला पडलाय आन हसू?" "हसून दाखव, नायतर परत जा. डागतर बोलले, रडाचा नाय." तुम्हाला सांगतो, एकेक बाई त्याच्यापुढं येऊन दात दाखवून आत गेली. हौसानं तर असे दात दाखवले की मामाच दचकला. आत जाऊन सगळ्या भिंतीला टेकून बसल्या, आईला हात लावायची सोय नाही, रडायची सोय नाही, मग करायचं काय? बसल्या मुक्यानं. शेवटी हौसा म्हणाली, "भीमे, बोंबलाला यंदा भाव नाय गो." आणि पट्टीखालनं आई हसली. तेवढा एक दिवस पैसे फिटल्यासारखे वाटले मला.

आई घरी आली. डोळ्यावर हिरव्या कापडाची झापड, खोलीत अंधार, शकू चूल मागच्या पडवीत पेटवतेय. मामा येऊन जायचा. जाळं ओढून ओढून तो वाकला होता, छातीला हात लावून बोलायचा, पण हे आईला कुठं दिसत होतं? तिला आवाज ऐकू यायचा, आणि आवाज त्यानं अगदी पूर्वीसारखा ठेवला होता. मला दिसत होतं सगळं. बोलून काय सांगणार होतो, की मामा, होडी परत घे?

आणि एक दिवस सकाळी दारात दादू उभा.

दादू म्हणजे कोण ते सांगायला हवं. करंज्यात कुणी मेलं की बाहेरगावी निरोप न्यायला दादू जातो. त्याचं कामच ते. आणि रीतीप्रमाणे तो मेलं असं म्हणत नाही, म्हणतो, 'जरा बरा नाय, येऊन जा.' मी त्याला बघितला आणि धावत जाऊन त्याचं तोंड दाबलं. अंगणाच्या कोपऱ्यात नेऊन विचारलं. भगवान तांडेलाच्या होडीवर, म्हणजे मामाच्याच होडीवर, पहाटे जाळं ओढता ओढता मामा खाली बसला, आणि उठलाच नाही. छातीत कळ. दादू म्हणाला, "बाय येई तवर कुनी हलवाचा नाय, असा ठरलाय." बहीण येऊन रडल्याशिवाय आमच्यात भावाला उचलत नाहीत.

मी दादूला म्हटलं, तू बोलू नको, मी बघतो. काय बघणार होतो देव जाणे. घरात जाऊन मी तोंडावर हसू आणलं, हो, हसू, मामानंच शिकवलेलं, आणि म्हणालो, "आई, मामाला जरा ताप आहे, मी एकटाच बघून येतो." आई म्हणाली, "भाईर कोन बोलत होता?" मी म्हटलं, "कुणी नाही, दादू." आणि जीभ चावली. आई हळूच उठून बसली. मग म्हणाली, "तापाचा सांगाया दादू येत नाय." एवढंच. तिकडं पडवीत शकूला हुंदका फुटला, मी तिच्यावर खेकसतोय, "रडू नको, रडायचं नाही, डॉक्टर म्हणाले ना." आणि आई अंथरुणावर ताठ बसलेली, दोन्ही हात मांडीवर.

मी तसाच दिनानाथ डॉक्टरांकडे धावलो. म्हटलं, "असं असं झालंय. थोडंसं रडली तर चालेल का? हळू? हेल न काढता?" डॉक्टर वाईट माणूस नाही, त्यांनी खुर्ची सोडली, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "कमळाकर, जायचं तर नेऊन आणा, सांभाळून. पण रडायचं नाही. गेलेल्या माणसाला काय कळतंय? डोळा मात्र जाईल." मी उठलो तर कंपाउंडरनं पाच रुपये मागितले. रडू का नको विचारायचे पाच रुपये. दिले. काय करणार.

करंज्याला पोचलो तर सगळी आळी वाट बघत होती. मामाला अंगणात ठेवलेला, पाय समुद्राकडे, आणि बायका गोल करून गप्प, कारण सुरुवात बहिणीनं करायची. आईचा एक डोळा मेलेला, दुसऱ्यावर झापड. मी हात धरून तिला मामाच्या डोक्याशी बसवली. तिनं चाचपून त्याचं कपाळ शोधलं, मग मिशी, मग हनुवटी. एक बोट तिनं त्याच्या मिशीवर फिरवलं, जसं नाण्यावर फिरवायची तसं. सगळे थांबलेले. आता हेल येणार. आता काशिरामाचा जन्म निघणार.

आणि आई बोलायला लागली. रडली नाही, बोलली. बाजारात शेजारणीशी बोलावं तशी, खालच्या आवाजात, मान न हलवता, माझं मनगट पकडून. म्हणाली, "काशा, तुजी होडी ह्या डोल्यात हाय. मी रडले तं ती बुडंल. म्हनून रडत नाय. तू रागवू नको." बस्स. कोणतं वादळ नाही, कोणतं जाळं नाही, कोणतं लुगडं नाही. पुढं तिचे ओठ नुसते हलत राहिले, आवाज नाही. माझ्या मनगटात तिची नखं रुतली होती, रक्त आलं, ते मला घरी आल्यावर दिसलं. मी? मी ढसाढसा रडलो. माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालेलं नव्हतं, मला फुकट होतं.

मग हौसानं हेल काढला, दुसऱ्या बायकांनी धरला, आणि मामाला उचलला. पण त्याला रडणं उसनं मिळालं हो. आणि परत निघताना मागून कानावर आलंच, कुणीतरी म्हणत होतं, "सख्खा भाव गेला तरी डोल्यात पानी नाय. येवडा पैका घातला, डागतरनं डोल्यासंगं पानी बी काडला वाटतं." आईनं ते ऐकलं. डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, कानाचं नाही.

दीड महिना भरला. चष्मा आला, जाड, बाटलीच्या बुडासारखा, त्याचं बिल वेगळं, पैशाचं मी बोलतच नाही. डॉक्टरांनी तो स्वतः तिच्या नाकावर बसवला. आईनं आधी माझ्याकडे बघितलं. पुष्कळ वेळ बघितलं. म्हणाली, "म्हातारा झालास की रं." मग डॉक्टरांनी तिला खिडकीशी नेलं आणि विचारलं, "आजीबाई, समोर काय दिसतं?" आई म्हणाली, "कर्नाल्याचा अंगठा." बरोबर होतं. या वेळी तोंडही बरोबर होतं. हे ज्याला दाखवायचं होतं तो तेवढा नव्हता. डॉक्टर खूश. हात धुता धुता म्हणाले, "छान. आता सगळं करायला मोकळ्या. वाका, चुलीपाशी बसा. आता रडायलाही हरकत नाही."

आईनं त्यांच्याकडे बघितलं, त्या भिंगातनं तिचा डोळा हा एवढा मोठा दिसत होता, आणि तिनं साधं विचारलं, "आता? आता कोन मेलाय?"

डॉक्टरांचा टॉवेल हातातच राहिला. त्या दिवसाचे पाच रुपये त्यांनी घेतले नाहीत, खोटं कशाला बोलू.

डोळा उत्तम आहे हो तिचा. बोंबलातला किडा लांबून दिसतो, चौकोनी पाच पैसे आणि चौकोनी चवली वेगळी काढते, कुणाची टाप आहे फसवायची? करंज्याला गेली आणि भगवान तांडेलाची होडी धक्क्याला लागली की तेवढी बघत नाही, मान फिरवते, बाकी सगळं दिसतं. फक्त रडायचं म्हटलं की येत नाही. पुढं एकदा हौसाचा नवरा गेला तेव्हा गेली होती, डोक्याशी बसली, पदर लावला, बायका वाट बघत राहिल्या, आणि ही तशीच उठून आली. आता दादू आमच्या दारात येत नाही. जिला रडता येत नाही तिला कोण बोलावणार?

मी ते बिल परवा पुन्हा काढून बघितलं. ऑपरेशन लावलंय, खाट लावलीय, वाळूसुद्धा लावलीय. पण डोळ्यातलं पाणी काढून नेलं, ते कुठं लावलेलं नाही. तेवढं एक फुकटात झालं म्हणायचं. बाकी... पैशाचं मी बोलतच नाही.